कोकणातल्या लॉफ्टसाठी फर्निचर घेताय? आधी जुलै महिना डोळ्यांसमोर आणा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, मला काय समजलं ते आधी सांगतो म्हणजे पुढे घोळ नको. गुहागरच्या बाजूला सासऱ्यांचं जुनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर, समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर, त्यातला अर्धा माळा तुम्ही काढून टाकलाय आणि ओटी-माजघर एक करून मोठा हॉल केलाय जो थेट कौलांपर्यंत सतरा फूट उंच जातो, उरलेल्या अर्ध्या माळ्यावर झोपायची जागा, वर जायला लोखंडी जिना. फर्निचर मॉडर्न हवंय, ते काळ्या लोखंडाच्या फ्रेमवर जाड लाकडी फळी असतं तसं, आणि पंधरा-वीस वर्षं परत बघायला लागू नये. ऑनलाइन मागवू की इकडेच करून घेऊ, आणि लोखंड गंजेल का, एवढंच ना?

चिपळूणजवळ माझं वर्कशॉप आहे, सव्वीस वर्षं झाली. वडील घरं बांधायचे, म्हणजे वासे, तुळया, दारं-खिडक्या, मी फर्निचरकडे वळलो. घरात तुमचा प्रश्न वाचून दाखवला तर आईने पहिलं काय विचारलं माहितीये, माळा काढला तर आंब्याची अढी, म्हणजे आंबे पिकायला रचतात ती, कुठे घालणार ते. असो, तो तुमचा प्रश्न.

लॉफ्ट ही मुळात न्यूयॉर्कची भानगड. तिथल्या सोहो भागातले कारखाने बंद पडले, मोठमोठे मजले रिकामे झाले, मग चित्रकार-शिल्पकार मंडळी तिथे स्वस्तात कामही करायला लागली आणि गुपचूप राहायलाही लागली, शेवटी १९८२ मध्ये त्यासाठी वेगळा लॉफ्ट कायदा आला. ते उघडे खांब, विटा, उंच छत ही कारखान्याची गरज होती, डेकोरेशन नव्हतं ते. हे सांगायचं कारण असं की तुमच्या घरात हा सगळा प्रकार आधीच आहे. उघडा चिरा आहे, तुळई आहे, वासे आहेत, वर कौलं आहेत. त्यात परत चाकं लावलेलं टेबल, पाइपांचे दिवे, गिअरचं घड्याळ असलं काही आणून भरलंत तर हॉटेल वाटेल. घर एवढं बोलतंय तर फर्निचर गप्प बसणारं घ्या, सरळ रेषा, कमी नक्षी, कमी नग. सतरा फुटी हॉलमध्ये दहा लहान वस्तूंपेक्षा चार मोठ्या वस्तू चांगल्या दिसतात.

आणि दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. तिकडच्या लॉफ्टमध्ये हिवाळाभर हीटिंग चालू, आतली हवा कोरडी. आपल्याकडे जूनपासून चार महिने लादी घाम धरते, मीठ पाणी सोडतं, कपाटातल्या चपला हिरव्या होतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो, वस्तू आवडली की ती जुलैमध्ये कशी वागेल ते विचारा, फोटो डिसेंबरमध्ये काढलेला असतो.

जुलै म्हटल्यावर २०२१ ची २२ तारीख आठवतेच. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्यानंतर दीड-दोन महिने आम्ही नवं काम घेतलंच नाही, नुसतं लोकांचं फर्निचर बाहेर काढणं, धुणं, उघडणं. सगळ्यात मोठी शाळा ती झाली माझी. भुश्याच्या बोर्डाची कपाटं, म्हणजे पार्टिकल बोर्डाची, चहात बुडवलेल्या खारीसारखी झाली होती, हात लावला की बोटं आत जायची. साध्या कमर्शियल प्लायचे थर वहीच्या पानांसारखे सुटले. मरीन प्लायची कपाटं कडेने थोडी फुगली पण उभी राहिली. पत्र्याची कपाटं बाहेरून ठीक आणि तळाला आतून गंजलेली, ते सहा महिन्यांनी कळलं. आणि एका आजींच्या सागाच्या जुन्या खुर्च्या होत्या, चिखलाने माखलेल्या, आम्ही गोड्या पाण्याने धुतल्या, पडवीत सावलीत महिनाभर ठेवल्या, दोन सांधे परत चिकटवले, वेत नवा विणला, आज वापरात आहेत. तुमच्याकडे पूर येणार नाही, पण जे पाण्याने एका दिवसात केलं तेच आपली हवा सात-आठ पावसाळ्यांत करते, फक्त सावकाश.

आता लाकूड. ह्यात मी जरा जास्त वेळ घेणार कारण सगळ्यात जास्त पैसे लोक इथेच घालवतात. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, वडील म्हणायचे झाड मेलं तरी त्याची तहान मरत नाही. पावसात फुगतं, थंडीत आकसतं, पण लांबीत नाही, रुंदीत. फळीची लांबी जवळपास तेवढीच राहते आणि रुंदी बदलते. आपल्याकडे जानेवारी ते जुलै लाकडातलं पाणी पाच-सहा टक्क्यांनी सहज वर-खाली होतं, त्या हिशोबाने तीन फूट रुंदीचा सागाचा अखंड टॉप आठ-दहा मिलिमीटर वाढू शकतो. सागाचं हे, जो लाकडांत शहाणा समजला जातो, बाकीची काही लाकडं ह्याहून जास्त हलतात.

माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका हॉटेलवाल्याला आंब्याच्या लाकडाचं मोठं टेबल करून दिलं, खाली लोखंडी फ्रेम, अगदी तुम्हाला हवंय तसंच. फ्रेमला गोल भोकं मारली आणि खालून स्क्रू गच्च आवळले, चारी बाजूंनी, वाटलं जेवढं घट्ट तेवढं टिकाऊ. पावसात टॉप फुगला, फ्रेम सोडेना, मग फळी मधे वर आली, ताटातली आमटी एका बाजूला जायला लागली. तो म्हणाला उन्हाळ्यात बसेल. बसलं की, जानेवारीत एका दुपारी कडाड करून मधोमध चीर गेली, गिऱ्हाईक जेवत होतं समोर. नवीन टॉप फुकट करून दिला. तेव्हापासून फ्रेमला लांबट भोकं पाडतो, रुंदीच्या दिशेने, स्क्रूला मोठा वॉशर लावतो आणि हाताने जेवढं बसेल तेवढंच आवळतो, म्हणजे फळी सरकायची ती सरकते आणि टेबल तसंच सपाट राहतं. तुम्ही कुठेही असं टेबल बघायला गेलात तर टॉपवर हात फिरवू नका, खाली वाका आणि ही भोकं बघा. गोल असतील आणि स्क्रू रुतलेले असतील तर पुढचं टेबल बघा.

ऑनलाइनचं म्हणाल तर बरंचसं सॉलिड वुड फर्निचर जोधपूरकडून येतं, शीशम नाहीतर आंबा. काम वाईट नसतं हो, पण ते बनतं वाळवंटाच्या कडेला, तिथल्या कोरड्या हवेत, आणि येतं आपल्याकडे. पहिल्या पावसात खण अडकतात, दारं घासतात, लोक मिस्त्रीला बोलावून रंधा मारून घेतात, मग मार्चमध्ये त्याच दारात बोट जाईल एवढी फट. तेव्हा अशी वस्तू आणलीत आणि पावसात खण अडकला तर लगेच तासू नका, दोन पावसाळे बघा. मॉइश्चर मीटर हजार-दोन हजारात मिळतो, दोन सुयांचा, लाकडात टोचायचा की टक्के दाखवतो. आपल्याकडे करून घेताना फळी बारा-तेराच्या आसपास असेल तर काम सुरू करा. वीस दाखवत असेल आणि मिस्त्री म्हणत असेल काही होत नाय ताई, तर होतं.

कुठलं लाकूड? साग घ्यायचाच तर गाभ्याचा. झाडाचा बाहेरचा पांढरा भाग सागाचा असला तरी किडा खातो, आणि स्वस्त सागाच्या नावाखाली अर्ध्या फळीत तोच पांढरा भरून पॉलिशने एकसारखा केलेला असतो. पॉलिश व्हायच्या आधी जाऊन बघा, पांढरा दिसला की बाजूला काढायला सांगा. माझं आवडतं लाकूड मात्र फणस. सुरुवातीला हळदीसारखं पिवळं, मग वर्षा-दोन वर्षांत मधासारखं आणि पुढे जुन्या तपकिरीसारखं होतं, रंग लावायची गरजच नाही. दक्षिणेत मृदंग, वीणा ह्याच लाकडाच्या करतात, तर टिकण्याबद्दल शंका नको. शिवणीचं लाकूड हलकं आणि कमी हलणारं, खणांसाठी फार छान, आता मिळतं कमी. ऐन-किंजळ घराच्या सांगाड्याला उत्तम पण जड आणि हट्टी, फर्निचरला मी सहसा घेत नाही. अकेशिया रस्त्याकडेला भरमसाट लावलेला आहे, कडक आहे, दिसतो सुंदर, पण नीट वाळवलेला नसेल तर पिळतो, तेव्हा वाळवणारा माणूस ओळखीचा हवा. आंबा आत वापरायला चालतो, बोरिकची ट्रीटमेंट केलेला असेल तर, नाहीतर सहा महिन्यांत पिठासारखी भुकटी खाली पडायला लागते. रबरवुड आपल्या किनाऱ्यावर मी कोणाला सुचवत नाही.

जुन्या घरांचं लाकूड मिळालं तर सोनं. तुम्ही माळा काढलात ना, त्याच्या तुळया आणि फळ्या कुठे आहेत? टाकल्या नसतील तर हात जोडतो, टाकू नका. साठ-सत्तर वर्षं त्या ह्याच हवेत वाळल्यात, त्यांना आता कोकण नवीन नाही. फक्त चिरायच्या आधी त्यातले खिळे शोधून काढायला लागतात, मॅग्नेट फिरवून, नाहीतर वखारवाला ब्लेडचे पैसे मागेल आणि ते बरोबरच आहे. कडा काळ्या असतील, भोकं असतील, ती तशीच ठेवा. तुमचं डायनिंग टेबल त्यातूनच व्हायला पाहिजे असं मला वाटतं, बाहेरून काही आणायलाच नको.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोलीकडे मामाच्या परड्यातला फणस आडवा झाला, आजोबांनी लावलेला. रीतसर परवानगी काढली (फणस, साग, ऐन, किंजळ ही परवानगीतली झाडं, पडलेलं झाड असलं तरी कागद करा, वाहतुकीचा पास घ्या, नंतर वखारीत विचारतात), दोन इंची फळ्या पाडल्या, मधे रीप, म्हणजे लाकडी पट्ट्या, घालून थर रचले, दोन्ही टोकांना रंग फासला म्हणजे टोकाकडून भराभर वाळून चिरत नाही, आणि गोठ्याच्या माळ्यावर ठेवून दिल्या. आमच्यात हिशोब सोपा आहे, एका इंचाला एक वर्ष. तिसऱ्या वर्षी त्याचं मामीला टेबल करून दिलं. मामी अजून त्यावर प्लास्टिकचा कागद टाकून जेवतात हा भाग वेगळा.

लोखंड. गंजेल का विचारलंत, तर गंजेलच, प्रश्न किती वर्षांनी आणि कुठून एवढाच. समुद्रापासून पाच मिनिटांवर खारा वारा रोज घरात येतो. बाजारात मिळणाऱ्या फ्रेमवर पावडर कोटिंग असतं ते सपाट भागावर चांगलं टिकतं, पण धारदार कडेवर आणि वेल्डिंगच्या खडबडीत जागी थर पातळ बसतो, गंज तिथून आत शिरतो आणि कोटिंगखाली पसरत जातो, वरून कळतही नाही. मग एके दिवशी पापुद्रा उचलला जातो आणि खाली लाल माती. दुसरी जागा म्हणजे चौकोनी पाइपाचं तोंड. टेबलाचे पाय उलटे करा, पाइपाच्या टोकाला नुसतं प्लास्टिकचं बूच असेल तर लादी पुसतानाचं पाणी आत जाणार आणि पाइप आतून कुजणार. टोकं पत्र्याने वेल्ड करून बंद करून घ्या, कडा ग्राइंडरने गोल करून घ्या, मग सगळं साफ घासून झिंकचा एपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात रंग. नुसता लाल रेडऑक्साइड मारून वर काळा रंग म्हणजे तोंडाला पावडर. मोठी वस्तू, म्हणजे जिना वगैरे, वेल्डिंग झाल्यावर हॉट डिप गॅल्व्हनाइज, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून, करून मिळाली तर सगळ्यात उत्तम, जिना अजून रंगवला नसेल तर विचार करा.

स्टेनलेसवाले सांगतात ताई स्टीलच घ्या, गंजत नाही. स्टीलमध्ये नंबर विचारा. २०२ स्वस्तातलं, आपल्या हवेत वर्षभरात तपकिरी ठिपके. ३०४ घराच्या आत चालतं, किनाऱ्याजवळ त्यालाही चहाचे डाग पडल्यासारखे पडतात, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलं की जातात. उघड्या गॅलरीत आणि बाहेर ३१६, त्यात मॉलिब्डेनम दोन-तीन टक्के असतं म्हणून ते खाऱ्या हवेला सहसा दाद देत नाही, महाग आहे. आणि चुंबक लावून दाखवतात ना, चिकटत नाही म्हणजे ३०४, ते खोटं, २०२ ला पण चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागा.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही ती स्क्रूची. आजकाल सगळीकडे ते काळे स्क्रू वापरतात जे मुळात जिप्समच्या सीलिंगसाठी आहेत. स्वस्त, पटकन जातात, आणि आपल्याकडे चार-पाच वर्षांत डोकं तुटून हातात येतं. स्टेनलेस नाहीतर पितळेचे स्क्रू लावा म्हणून लेखी सांगा, अख्ख्या कपाटामागे फरक काही शे रुपयांचा आहे. बिजागऱ्या आणि चॅनल पण ३०४ च्याच. आणि ओलसर लाकडाला उघडं लोखंड टेकलं की तिथे काळा शाईसारखा डाग पडतो, लाकडातल्या तुरट रसाने, तो रंधा मारल्याशिवाय जात नाही, म्हणून फळी आणि फ्रेमच्या मधे नायलॉनची चकती.

कपाटं आणि किचन, इथे सॉलिड लाकडाचा हट्ट नको, मोठे पल्ले पिळतात. प्लाय घ्या, शिक्का आयएस ७१० बघा, तो मरीन प्लाय, त्याचा तुकडा बहात्तर तास उकळून परीक्षा घेतात. तुम्ही घरी कुकरमध्ये तुकडा उकळून बघू शकता, मी बघतो, दुकानदार हसतात. कापलेल्या प्रत्येक कडेला, आतल्यासुद्धा, एज बँड नाहीतर निदान सीलर, आणि सनमायका दोन्ही बाजूंना, एकाच बाजूला लावला तर पल्ला धनुष्य होतो. कपाट चिऱ्याच्या भिंतीला टेकवून अजिबात नाही, दोन-तीन इंच जागा सोडा, चिरा पावसात पाणी धरून असतो. खाली पाच-सहा इंची पाय म्हणजे झाडू जाईल आणि हवाही जाईल. दारांना थोड्या झडपा नाहीतर वेताची जाळी, दिसायलाही मस्त आणि कपड्यांना भुरा धरत नाही. पूर्वी लोक कपाटात पंधरा वॉटचा बल्ब लावून ठेवायचे आठवतंय का, आता एलईडीने ते होत नाही, तो तेवढा गरमच होत नाही.

भिंतीवर फळ्या लटकवायच्या असतील तर चिऱ्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा धरत नाही, तो दगड मऊ आणि भोकाभोकांचा, केमिकल अँकर वापरा किंवा जमिनीवर उभं राहणारं शेल्फ करा. तीन फुटी फळीवर पुस्तकं भरली की पंचवीस-तीस किलो सहज होतात. आणि पुस्तकांचं मोठं शेल्फ माळ्यावर मधोमध नको, जिथे तुळई भिंतीत गेलीये त्या कडेला ठेवा.

सोफा. रेक्झिन, लेदरेट, जे काय नाव देतील ते, कृपा करून घेऊ नका. वरचा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, थर दमट हवेत आतून सुटत जातो, तुम्ही वापरा नाहीतर नुसता ठेवा, चार-पाच वर्षांत खवले पडायला लागतात आणि पाठीला चिकटतात. काळजीने झाकून ठेवलेले सोफे पण मी असे बघितलेत, बंद घरात तर लवकरच. खालून बंद असलेला, जमिनीपर्यंत कापड आलेला सोफाही नको, त्याच्या पोटात उंदीर आणि बुरशी दोघं सुखाने राहतात. लाकडाची उघडी चौकट, त्यावर पट्ट्या नाहीतर वेत, वर सुट्या गाद्या, चाळीस डेन्सिटीचा फोम, आणि खोळी चेनच्या, काढून धुता येतील अशा, चेन प्लास्टिकची, धातूची गंजते. मे महिन्याच्या उन्हात गाद्या खळ्यात टाकायच्या, गोधड्या टाकतो तशा, सोफ्याची तेवढीच निगा.

ह्यात जुना आणि सगळ्यात चांगला नमुना आपल्याच देशातला आहे. १९५० च्या दशकात चंदीगड शहर उभं राहत होतं तेव्हा त्या शहराचा आराखडा करणाऱ्या ले कॉर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे ह्याने तिथल्या ऑफिसांसाठी, कॉलेजांसाठी खुर्च्या करून घेतल्या, सागाची जाड चौकट, उलट्या व्ही सारखे पाय, वेताची बैठक, साध्या सुतारांना जमेल अशा. पुढे त्या सरकारी भंगारात निघाल्या आणि आता परदेशात लिलावात लाखांनी जातात. साग आणि वेत, बस. वेताला आपली दमट हवा मानवते, एसीत तो कडक होऊन तुटतो, फक्त वारा लागला पाहिजे आणि वर्षा-दोन वर्षांतून ओल्या फडक्याने पुसून ऊन दाखवायचं. अशा खुर्च्या आपल्याकडे होतात, विणणारे कमी झालेत पण आहेत. बांबूमध्ये काही हवं असेल तर कुडाळच्या कॉनबॅक ह्या बांबूचं काम करणाऱ्या संस्थेचं काम जाऊन बघा, आपला माणगा जातीचा बांबू जवळजवळ भरीव असतो, ट्रीटमेंट केलेला घेतला तर दिव्यांच्या शेड, स्टुलं, माळ्याच्या कठड्याची भर असं बरंच होतं. कठडा मात्र साडेतीन फूट उंच आणि दोन गजांमध्ये चार इंचांपेक्षा कमी फट, घरात लहान मूल आहे म्हणालात.

माळ्यावर काय न्यायचं ते आधी जिन्याला विचारायचं. एका घरी आम्ही किंग साइजचा अखंड पलंग घेऊन गेलो, जिन्याच्या वळणावर अडकला, शेवटी कौलं काढून दोरांनी वरून सोडला, पाऊस आठवड्यावर आलेला. तेव्हा माळ्यावरची प्रत्येक वस्तू खोलता येणारी. ही काही स्वस्तातली आयडिया नाही, मायकेल थोनेट ह्या फर्निचरवाल्याची १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची, ती गोल पाठीची, कॅफेत असते ती, सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, एवढ्यात होते, आणि एक घनमीटरच्या पेटीत छत्तीस खुर्च्या जायच्या. पलंगाला बेड बोल्ट लावून घ्या, चार कोपरे खोलता येतात, बोल्ट दर दोन वर्षांनी आवळायचे. पलंग बुटका, गादी धरून दीड फुटाच्या आत, कौलांचा उतार आहे, उठताना डोकं आपटतं. वर उन्हाळ्यात तापतं ते पण लक्षात घ्या, चिकटवलेल्या व्हीनिअरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या, वस्तू वर नकोत.

मग ऑनलाइन की इकडे, तर माझं मत, मी धंद्यातला आहे हे धरून ऐका. खुर्च्या, दिवे, एखादी आरामखुर्ची बाहेरून घ्या, खुर्ची करणं वाटतं तेवढं सोपं नाही आणि चांगले कारखाने ती आमच्यापेक्षा चांगली करतात. टेबल, पलंग, कपाटं, सोफ्याची चौकट इकडे करा, कारण काही झालं तर माणूस अर्ध्या तासात येतो. दुकानात गेलात तर वस्तू उलटी करून बघा, खाली पॉलिश नसेल तर तिथून पाणी शिरणार, दोन्ही बाजूंना सारखं पॉलिश पाहिजे. सांध्यात कुसू आणि खाच, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्यात बसवलेलं, आहे की नुसत्या स्टेपल पिना ते बघा. पॉलिशमध्ये चपड्याचं पॉलिश दिसतं अप्रतिम पण ओल्या पेल्याखाली पांढरं होतं, टेबलाला पीयू, मॅट, चकचकीत नको, चिऱ्यासमोर चकचकीत लाकूड प्लास्टिक वाटतं. पूर्वी वाशांना काजूच्या टरफलाचं काळं तेल लावायचे, कीड लागायची नाही, कोणी फर्निचरला सुचवलं तर नको म्हणा, कातडी भाजते त्याने.

आता श्रावण चालू आहे, ह्या दिवसांत पॉलिश करून घेऊ नका, ओल अडकून पांढरट धुकं धरतं. लाकूड आत्ता बघा, जुन्या तुळया कोरड्या जागी घ्या, रीप घालून रचा, काम दसऱ्यानंतर सुरू करा. जिन्याचं माप मात्र आजच घ्या, रुंदी, वळण, आणि वळणावर डोक्यावर किती जागा आहे ते, आणि फोटो टाकताना शेजारी माणूस उभा करा म्हणजे मला अंदाज येईल.